सरोवराकाठची बिऱ्हाडे

'घर' म्हटले की पाया आला, उतारा आला, वाटणी आली आणि वाटणीपाठोपाठ भाऊबंदकी आली. 'बिऱ्हाड' या शब्दाला असला भार नाही. विंचवासारखे ते पाठीवर घालावे आणि चालू लागावे. हा शब्द जन्माला आला मराठी मुलुखात; पण त्याचा खरा थाट पाहायचा असेल तर तो अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या इतिहासात पाहावा, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. गेली तीन-चार वर्षे मी या शहराविषयी मिळेल ते वाचतो आहे. त्याला निमित्त घरचेच. माझा भाचा तिथे नोकरीला आहे आणि भाड्याच्या घरात राहतो. गेल्या उन्हाळी सुट्टीत त्याने मला पाच आठवडे नेऊन ठेवले. शाळामास्तराने सुट्टीत स्वस्थ बसायचे नसते. मी त्या शहराच्या गल्ल्या पायांखाली घातल्या आणि जे वाचले होते ते डोळ्यांनी पाहिले.

शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी आहे. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लोणार किंवा फार तर रंकाळा येतो. हे सरोवर तीनशे मैल लांब आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा उठतात, जहाजे बुडतात. समुद्रच म्हणायचा, फक्त पाणी गोडे. या काठी रानकांदा उगवत असे आणि मूळच्या रहिवाशांच्या भाषेतल्या त्या कांद्याच्या नावावरूनच शहराचे नाव पडले, असे सांगतात. ते मूळचे रहिवासी म्हणजे पोटावाटोमी लोक. १८३३ च्या तहाने त्यांची जमीन गेली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे जावे लागले. जे धनी होते तेच पहिले बेघर झाले. पुढची सारी हकीकत या एका गोष्टीवर उभी आहे, हे विसरू नये.

१८४० साली साडेचार हजार वस्तीचे हे गाव १८७० साली तीन लाखांचे झाले. एवढ्या माणसांना छप्पर कुठून आणायचे? तिथल्या सुतारांनी एक युक्ती काढली होती. जाड तुळया आणि खाचा-कुसवांची जुनी सुतारकी सोडून त्यांनी पातळ फळ्यांचा सांगाडा कारखान्यातल्या खिळ्यांनी ठोकून घरे उभारायला सुरुवात केली. दोन माणसे आणि एक हातोडी असली की आठवड्याभरात खोली तयार. थट्टेने लोक अशा घराला 'फुग्याचा सांगाडा' म्हणत. वाऱ्याने उडून जाईल, असा त्यातला टोमणा. घरे वाऱ्याने उडाली नाहीत. ती जळाली.

८ ऑक्टोबर १८७१, रविवारची रात्र. पावसाळा कोरडा गेला होता. घरे लाकडी, छपरे लाकडी, रस्त्याकडेच्या पायवाटासुद्धा लाकडी. डिकोव्हन रस्त्यावरच्या ओलिअरी नावाच्या आयरिश कुटुंबाच्या गोठ्यात आग लागली आणि दोन दिवस शहर जळत राहिले. सुमारे तीनशे माणसे मेली, एक लाख उघड्यावर आली. म्हणजे तिघांतला एक. ओलिअरीबाईच्या गाईने कंदिलाला लाथ मारली ही कथा आपल्याकडेही पाठ्यपुस्तकातून डोकावून गेली आहे. ती खोटी. १९९७ साली तिथल्या नगरसभेने ठराव करून बाईला आणि गाईला, दोघींनाही दोषमुक्त केले. एकशे सव्वीस वर्षांनी का होईना, गाईला न्याय मिळाला! मला मात्र या कथेतले दुसरेच पात्र महत्त्वाचे वाटते. ओलिअरी दांपत्य मागच्या भागात राहत असे आणि पुढचे घर त्यांनी भाड्याने दिले होते. त्या रात्री भाडेकरूंकडे पाहुण्याच्या स्वागताची मेजवानी चालू होती. म्हणजे दूध विकून पोट भरणारे गरीब कुटुंबसुद्धा पुढचे चांगले घर भाड्याला लावून स्वतः मागे राहत होते. शिकागोची घरव्यवस्था या एका चित्रात पुरी दिसते: मालक आणि भाडेकरू यांच्यात फक्त एका भिंतीचे अंतर. आणि दैवाची थट्टा अशी की सारे शहर जळाले, पण ओलिअरींचे घर शाबूत राहिले.

आगीनंतर शहाण्या लोकांनी ठरवले की यापुढे शहरात लाकडी घर नको, विटांचेच हवे. ऐकायला किती रास्त! पण वीट महाग. जानेवारी १८७२ मध्ये उत्तर भागातले कामकरी, बहुतेक जर्मन, मोर्चा घेऊन नगरसभेवर चालून गेले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की विटांची सक्ती केलीत तर आमची जागा आमच्याकडे राहील, पण तिच्यावर घर बांधणे आम्हाला जन्मात जमणार नाही आणि आम्ही मालकाचे भाडेकरू होऊ. नियम थोडा ढिला झाला. पण १८७४ साली पुन्हा मोठी आग लागली आणि विटांचा जय झाला. सुरक्षितता आणि गरिबाचे छप्पर यांचे हे भांडण तेव्हापासून चालू आहे. आपल्याकडे मोडकळीला आलेली चाळ रिकामी करवतात, तेव्हाही हेच भांडण असते.

विटांच्या जयातून एक फार गोड गोष्ट जन्माला आली. तिला तिथे 'टू-फ्लॅट' म्हणतात. अरुंद जागेवर दोन मजली पक्के घर; एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू. मागे लाकडी सज्जा आणि जिना, त्यामागे बोळ. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत अशी घरे हजारोंनी बांधली गेली. बोहेमिया, पोलंड, लिथुआनियातून आलेला, खाटीकखान्यात नाहीतर पोलादाच्या भट्टीवर राबणारा माणूस आपल्या जातभाईंच्या पतपेढीत पैसे साठवी, कर्ज काढी, घर बांधी आणि वरच्या भाडेकरूच्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फेडी. भाडेकरू कोण? बहुधा पाठोपाठ आलेला गाववाला. आणि तोही चार वर्षांनी पलीकडच्या गल्लीत आपले 'टू-फ्लॅट' बांधून स्वतः मालक होई. माझा भाचा अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण, सत्तरी ओलांडलेल्या बाई. मी कांद्याची फोडणी दिली की त्या खालून काठीने छत ठोकत. मी घाबरून भाच्याला म्हणालो, "अरे, बाई रागावल्या वाटतं!" तो म्हणाला, "नाही मामा, रागावल्या नाहीत. भजी झाली का, विचारताहेत."

हे सुख सर्वांच्या वाट्याला आले असते तर हा लेख इथेच संपला असता.

भाडेकरूंच्या या शहरात एक विलक्षण चाल होती. भाडेचिठ्ठ्यांची मुदत बहुधा एकाच दिवशी, ३० एप्रिलला संपे. आणि १ मे हा बिऱ्हाड हलवण्याचा दिवस. ज्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपे ते १ ऑक्टोबरला हलत. त्या दिवशी शहरभर गाड्याच गाड्या. चुली, पाळणे, आरसे, पिंजऱ्यातले पक्षी रस्त्यावर. एकाचे सामान बाहेर पडत आहे तोच दुसऱ्याचे दारात. हमालांची चंगळ, आयांचे हाल. दुसऱ्या महायुद्धात जागांची टंचाई आली, भाडी सरकारने बांधून दिली आणि लोक असलेल्या जागेला चिकटून बसले, तेव्हा ही धामधूम ओसरली. तरी अजून कितीतरी चिठ्ठ्या त्याच दोन तारखांना संपतात. भाच्याची त्यांतलीच. आपल्या मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्यानंतर आजोबांनी घेतलेली खोली नातवाने लढवायची रीत पडली. तिथे मात्र वर्षाची मुदत आणि वर्षाने नवे भाडे.

१ मे हा आता जगभर कामगार दिन आहे, तोही याच शहरामुळे. १८८६ च्या १ मे रोजी आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत हजारो कामगारांनी संप केला आणि चार तारखेला हेमार्केटच्या चौकात बाँब आणि गोळीबाराचे ते रक्तपाती प्रकरण घडले. कामाचे तास आणि राहण्याची जागा. गरिबाच्या आयुष्याचे दोन्ही हिशेब याच शहराने जगापुढे मांडले. दोन्ही हिशेब एकाच वहीत कसे येतात, हे पाहायचे असेल तर शहराच्या दक्षिणेला सुमारे चौदा मैलांवर, कॅल्युमेट नावाच्या दुसऱ्या लहान सरोवराकाठी जावे.

तिथे १८८० साली जॉर्ज पुलमन या रेल्वेच्या शयनगाड्या बांधणाऱ्या कारखानदाराने एक आदर्श गाव वसवायला घेतले. सोलन बीमन नावाचा तरुण वास्तुशिल्पी, लाल विटांच्या रेखीव ओळी, नळाचे पाणी, गटारे, बाग, वाचनालय, नाटकगृह. युरोपातून माणसे ते पाहायला येत. मीही पाहिले. आजही ते सुंदर आहे आणि २०२२ पासून तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. त्या ओळींतून हिंडताना मला वाटले, असे घर मिळाले असते तर मीही आनंदाने राहिलो असतो. मग अटी आठवल्या. एकही घर विकत मिळत नसे; सारी भाड्याची. गुंतवणुकीवर सहा टक्के सुटले पाहिजेत, हा मालकाचा हिशेब. दहा दिवसांच्या सूचनेवर घर खाली करावे लागे. वाचनालयाला वर्गणी. दारूचे दुकान नाही. ती फक्त मालकाच्या मुलीचे नाव दिलेल्या हॉटेलात, आणि तिथे जाण्याची कामगाराची ऐपत नाही. आणि कळस म्हणजे देऊळही भाड्याचे! हिरव्या दगडाचे देखणे चर्च बांधले, पण त्याचे भाडे इतके की कोणत्याच पंथाला परवडेना. वर्षानुवर्षे ते रिकामे राहिले. देवालाही बिऱ्हाड परवडू नये असे गाव मी दुसरे वाचलेले नाही.

१८९३ साली मंदी आली. कंपनीने मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी उतरवली. भाडे मात्र एक सेंटानेही उतरवले नाही. कारखाना वेगळा आणि घरे वेगळी, एका धंद्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मालकाचे उत्तर. कामगाराचा खिसा मात्र एकच होता. जेनी कर्टिस ही शिवणखात्यातली मुलगी. तिचा बाप वर्षानुवर्षे याच कंपनीत राबून वारला तेव्हा त्याच्या नावावर साठ डॉलर भाडे थकले होते. ते मुलीने आपल्या तुटपुंज्या मजुरीतून फेडावे, असा कंपनीचा हुकूम. ही हकीकत तिने स्वतः उभी राहून सांगितली. ती सरकारी चौकशीच्या दप्तरात आहे. मे १८९४ मध्ये संप झाला. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे संघाने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला, देशातल्या आगगाड्या अडल्या, राष्ट्राध्यक्षांनी लष्कर धाडले आणि संप मोडला. डेब्ज तुरुंगात गेले. चौकशी समितीला मात्र आढळले की आसपासच्या वस्तीपेक्षा इथली भाडी वीस ते पंचवीस टक्के जास्त होती.

१८९७ साली पुलमन वारला. लोक थडग्याची विटंबना करतील या धास्तीने त्याची पेटी खोल खड्ड्यात काँक्रीट आणि लोखंडी रुळांखाली पुरली. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गाडी बांधणाऱ्या कंपनीला गाव भाड्याने देण्याचा अधिकारच नव्हता, घरे विकून टाका. मालकाला वाईट माणूस ठरवून मोकळे व्हावे इतके हे प्रकरण सोपे मला वाटत नाही. गटारांच्या कडेला कुजणारी शहरातली बिऱ्हाडे पाहून त्याने हवेशीर घरे बांधली, हे खरेच आहे. फक्त माणूस राहतो त्या चार भिंतींत त्याची स्वतःची म्हणून काही इच्छा असते, हे त्याच्या नकाशात नव्हते.

ती कुजणारी बिऱ्हाडे कशी होती, हे जेन अ‍ॅडम्स यांच्यामुळे कळते. १८८९ साली या सुखवस्तू घरातल्या बाई आपल्या मैत्रिणीबरोबर हॉल्स्टेड रस्त्यावरच्या परदेशी मजुरांच्या दाटीत राहायला गेल्या. त्यांचे जगप्रसिद्ध 'हल हाऊस' सुरू झाले तेही पोटभाड्याच्या जागेत. पुढे मालकिणीने घर विनामूल्य वापरायला दिले. १८९५ साली फ्लॉरेन्स केली आणि सहकारी मंडळींनी दारोदार जाऊन कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसे राहतात आणि आठवड्याला किती मिळवतात, याचे रंगीत नकाशे छापले. त्याच साली जेनबाई आपल्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे हिंडू लागल्या. त्यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या लेखी त्या कचऱ्याच्या गाडीचा मान मोठा आहे.

आता सरोवराकडे परत येऊ. त्या शहराने एक गोष्ट फार चांगली केली. सरोवराचा काठ मोकळा ठेवला. १८३६ च्या नकाशावरच लिहून ठेवले होते की ही जागा कायम सार्वजनिक आणि बांधकामावाचून राहावी. पुढे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने त्यासाठी वीस वर्षे कोर्टात झुंज दिली. त्यामुळे ज्याच्या खोलीला खिडकीही नाही त्याला संध्याकाळी तीनशे मैल पाणी फुकट पाहायला मिळते. पण 'सार्वजनिक' या शब्दात सारे जन येतात का? २७ जुलै १९१९ या दिवशी एकोणतिसाव्या रस्त्याजवळ सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स हा काळा मुलगा तराफ्यावर खेळताना पाण्यातली एक न दिसणारी रेषा ओलांडून गोऱ्यांच्या बाजूला गेला. काठावरून दगड आले. मुलगा बुडून मेला. दगड मारणाऱ्याला पकडायला पोलिसाने नकार दिला. आठवडाभर दंगल चालली. अडतीस माणसे मेली, हजारभर कुटुंबे, बहुतेक काळी, बेघर झाली. पाण्यावर रेषा मारता येत नाही असे आपण म्हणतो. त्या शहराने मारून दाखवली.

जमिनीवर तर ती पक्क्या शाईने मारली. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेकडचे काळे लोक कापसाचे मळे सोडून लाखांनी उत्तरेला येत होते. त्यांना राहायला दक्षिण भागातला एक चिंचोळा पट्टा. १९२७ पासून घरदलालांच्या मंडळाने करारनाम्याचा एक नमुनाच छापून वाटला: या गल्लीतले घर कोणीही काळ्या माणसाला विकू नये की भाड्याने देऊ नये. गल्लीच्या गल्ल्या सह्या करीत. माणसे वाढली, जागा वाढेना. मग घरमालकांना 'किचनेट' सुचले. इथे मी वाचकांना, विशेषतः सुट्टीत अभ्यास चुकवणाऱ्या बालवाचकांना, एक गणित घालतो. सात खोल्यांचे एक घर गोऱ्या कुटुंबाला महिना पन्नास डॉलरने जाते. मालक त्याच्या सात खोल्या वेगळ्या करतो, प्रत्येकीत एक शेगडी आणि एक मोरी बसवतो आणि प्रत्येक खोली आठवड्याला सहा डॉलरने सात काळ्या कुटुंबांना देतो. तर आता महिन्याला उत्पन्न किती? आठवड्याचेच बेचाळीस होते! हे उदाहरण रिचर्ड राइट या कादंबरीकाराने १९४१ साली आपल्या पुस्तकात दिले आहे. सात कुटुंबांत संडास एक, तेही त्याच्या हिशेबात धरावे. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी अशाच खोल्यांत संसार केला, त्याच खोल्यांवर कविता लिहिल्या आणि १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या लेखिका.

ही रेषा ओलांडणाऱ्या एका माणसाची हकीकत चटका लावणारी आहे. कार्ल हॅन्सबेरी हा काळा गृहस्थ. त्याने १९३७ साली गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. जमावाने घराला वेढा दिला. खिडकीतून आलेला दगड त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलीला लागता लागता चुकला. रात्री आई भरलेले पिस्तूल घेऊन जागत बसे. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० साली हॅन्सबेरी जिंकला, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करारनामे कोणत्याच न्यायालयाने अंमलात आणू नयेत, हा निकाल यायला १९४८ साल उजाडले, तेही दुसऱ्या शहरातल्या खटल्यात. तोवर हॅन्सबेरी मनाने खचून मेक्सिकोत जाऊन वारला होता. त्याच मुलीने, लॉरेन हॅन्सबेरीने, पुढे घर घेऊ पाहणाऱ्या एका काळ्या कुटुंबावर 'अ रेझिन इन द सन' हे नाटक लिहिले आणि १९५९ साली ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गाजले. आता यातला कडू भागही सांगतो, कारण इतिहास लिहायचा तर तो गाळून चालत नाही. या हॅन्सबेरीने पैसा मिळवला होता तो घरांची 'किचनेट' करून, आपल्याच लोकांना ती भाड्याने देऊन!

याच १९५९ साली शिकागोच्या कथेतला सर्वांत थोर भाडेकरू मुंबईत आला होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग गांधींचा देश पाहायला आले आणि गावदेवीच्या मणिभवनात, जिथे गांधीजी उतरत, तिथेच पत्नीसह राहिले. मुंबईत फुटपाथवर झोपलेली माणसे पाहून त्यांची झोप उडाली. पुढे केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी 'अमेरिकेतले आपले एक अस्पृश्य बांधव' अशी त्यांची ओळख करून दिली. प्रथम त्यांना धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी मनाशी कबूल केले की होय, मी अस्पृश्यच आहे. ही आठवण त्यांनी जुलै १९६५ मध्ये प्रवचनात सांगितली आणि सहा महिन्यांनी, जानेवारी १९६६ मध्ये, शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेल भागात हॅम्लिन रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे चार खोल्यांचे बिऱ्हाड केले.

हा भाग एके काळी ज्यू कुटुंबांचा. त्याच त्या 'टू-फ्लॅट'ची रांग. १९५० नंतर दलालांनी गोऱ्यांना 'काळे येताहेत, घर फुंकून टाका' अशी भीती घातली, स्वस्तात घरे घेतली आणि काळ्यांना दुप्पट भावाने हप्त्यावर दिली. सरकारी नकाशांत या वस्त्यांभोवती लाल रंग, त्यामुळे बँका कर्ज देत नसत. हप्त्याचा करार असा की शेवटचा पैसा फिटेपर्यंत घर नावावर नाही आणि एक हप्ता चुकला की सारे बुडाले. म्हणजे डागडुजी मालकासारखी करायची आणि हाकलले जायचे भाडेकरूसारखे.

किंग येणार म्हणताच घरमालकाने रंगारी, गवंडी, वायरमन धाडून जागा झटपट दुरुस्त केली. लोक थट्टेने म्हणू लागले की यांना दर महिन्याला एकेका घरात राहायला पाठवा, सारी वस्ती सुधारेल. तरी जिन्याशी जमीन मातीचीच होती आणि मुताचा वास येत होता, असे त्यांच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यात मुले आली. खेळायला जागा नाही, खोल्यांत उकाडा. थोड्याच दिवसांत आपली शहाणी मुले चिडचिडी झाली, लहान बाळांसारखी वागू लागली, हे पाहून बाप हादरला. भाड्याचा हिशेबही त्यांनी मांडला. आम्ही चार पडक्या खोल्यांना ९४ डॉलर देतो आणि गोऱ्यांच्या वस्तीत पाच चांगल्या खोल्यांना ७८ पडतात. वरचे वीस टक्के हा कातडीच्या रंगावरचा कर.

फेब्रुवारीत त्यांनी एक धाडस केले. जवळच्याच एका गारठलेल्या इमारतीचा ताबा घेऊन भाडे आपण गोळा करायचे आणि दुरुस्तीवर खर्चायचे ठरवले. मालक निघाला ऐंशी ओलांडलेला आजारी म्हातारा, भाडेकरूंइतकाच टेकीला आलेला. कोर्टाने हा ताबा बेकायदा ठरवला. मला ही फसलेली मोहीम त्यांच्या यशस्वी मोहिमांपेक्षा जास्त शिकवून जाते. कारण दुष्ट मालक शोधायला गेलेल्या माणसाला दार उघडायला एक खोकणारा म्हातारा आला. ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागात मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. असा द्वेष मी मिसिसिपीतही पाहिला नाही, असे ते म्हणाले. ४ एप्रिल १९६८ ला मेंफिसमध्ये त्यांचा खून झाला आणि आठवड्याभरात, इतके दिवस अडून बसलेला, घर देताना वंश-धर्म पाहू नये असे सांगणारा कायदा काँग्रेसने मंजूर केला. त्याच आठवड्यात लॉन्डेलच्या बाजूची दुकाने आणि घरे जळत होती.

आमची मराठी माणसे त्या शहरात आली ती नेमकी याच सुमाराला. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाला उघडली आणि खिशात आठ डॉलर घेऊन इंजिनियर, डॉक्टर उतरू लागले. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. १९८१ साली सबंध उत्तर अमेरिकेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचाही जन्म तिथेच झाला. डेव्हन रस्त्यावर साड्यांची आणि मसाल्यांची दुकाने लागली. त्या रस्त्याच्या एका भागाला आज 'गांधी मार्ग' अशी मानाची पाटी आहे. १९६९ मध्येच सरोवराकाठी जॉन हॅनकॉक ही शंभर मजली इमारत उभी राहत होती. तिचा सांगाडा रचणारे फजलुर खान ढाक्याकडचे. चव्वेचाळिसाव्या मजल्यापासून वर लोकांची घरे. ढगात बिऱ्हाड! मात्र त्या मंडळींना 'तुम्ही कोण?' असे विचारून दार लावण्याची कायद्याने मनाई झाली होती ती नुकतीच, वर्षभरापूर्वी. आणि कोणाच्या रक्ताने, हे वर आलेच आहे.

गरिबांसाठी सरकारने बांधलेल्या मनोऱ्यांची कथा दुःखाची आहे, थोडक्यात सांगतो. १९६२ साली रॉबर्ट टेलर या काळ्या गृहस्थाच्या नावाने सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती एका ओळीत उभ्या केल्या. लिफ्ट बंद, दिवे फुटलेले, गुंडांचे राज्य. २००७ पर्यंत साऱ्या पाडून टाकल्या. ज्याचे नाव दिले तो टेलर मात्र काळ्यांची घरे सगळ्या शहरात पसरून बांधा, एका जागी कोंबू नका, असे सांगता सांगता १९५० साली राजीनामा देऊन गेला होता.

भाडेकरूला खरे कागदी बळ मिळाले ते १९८६ साली, हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे पहिले काळे महापौर असताना. अनामतीची पावती द्यावी, तिच्यावर व्याज द्यावे, दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने करून घेऊन भाड्यातून कापावी, असा नियम झाला. मालक स्वतः राहतो अशा सहा बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला तो लागू नाही. थंडीचा नियम मला फार आवडला: १५ सप्टेंबरपासून १ जूनपर्यंत दिवसा घरात अडुसष्ट अंश फॅरनहाइट ऊब ठेवणे मालकाला बंधनकारक. २० जानेवारी १९८५ ला तिथे पारा शून्याखाली सत्तावीस फॅरनहाइट गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमाची किंमत कळते. उन्हाळ्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. जुलै १९९५ मध्ये पारा एकशे सहावर गेला. आमच्या चंद्रपूरकडे एवढ्यावर लग्ने लागतात! तिथे पाच-सहा दिवसांत नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त मेली. त्यांतली पुष्कळ म्हातारी, एकएकटी, चोरांच्या भीतीने खिडकी लावून भाड्याच्या खोलीत बसलेली. किती जणांना नेणारेही कोणी आले नाही.

आणि नियम आला की पळवाट येते. भाच्याची बावीस पानी भाडेचिठ्ठी मी शब्दकोश घेऊन वाचली. अनामतीचा रकाना शून्य! मी म्हणालो, "बाई भल्या दिसतात." भाचा हसला. "नाही हो मामा, अनामत घेतली की व्याज आणि पावत्या आल्या, म्हणून आता बहुतेक जण ती घेतच नाहीत. 'मूव्ह-इन फी' घेतात. ती परत द्यायची नसते." म्हणजे आमची पागडीच, फक्त तिला रीतसर पावती.

निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही हॅम्लिन रस्त्यावर गेलो. किंग राहत होते ती इमारत केव्हाच पाडली. पुष्कळ वर्षे जागा ओसाड होती. २०११ मध्ये तिथे पंचेचाळीस बिऱ्हाडांची नवी इमारत झाली, बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी, नाव 'डॉ. किंग लेगसी अपार्टमेंट्स'. आजूबाजूला अजून मोकळे तुकडे आहेत, गवत माजलेले. पायरीवर एक बाई मुलीची वेणी घालत बसली होती. भाच्याने नमस्कार करून विचारले, भाडे परवडते का? ती म्हणाली, परवडते, पण नाव लागायला फार दिवस थांबले. मग तिने आम्हाला विचारले, तुम्ही कुठे राहता आणि तिथे किती पडते? भाच्याने आकडा सांगितला. तिने वेणी घालायची थांबून एक शीळ घातली, आणि तिची मुलगी हसली.